संत्र्याची रोपवाटिका

जंभेरी किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरून कलमे तयार करण्याची जागा. अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यातले शेंदुरजनाघाट हे या व्यवसायाचे जुने, नावाजलेले केंद्र आहे. बी पेरल्यापासून कलम विक्रीस येईपर्यंत साधारण दीड ते दोन वर्षे लागतात आणि बागेत लावलेले झाड फळावर यायला आणखी पाच-सहा. वाफ्यात राहिलेला दोष असा उशिरा उघडा पडतो, तोवर शेतकऱ्याची उमेदीची वर्षे खर्ची पडलेली असतात. त्यामुळे गुंठ्यात किती कलमे बसली हे रोपवाटिकेच्या कार्यक्षमतेचे माप होऊ शकत नाही. किती निरोगी मुळे बाहेर पडली, हेच खरे माप.

या मुळांचा मोठा शत्रू फायटोफ्थोरा. मूळकूज आणि खोडातून डिंक गाळणारा डिंक्या हे दोन्ही रोग त्याच्यामुळे होतात. बुरशीसारख्या दिसणाऱ्या या सूक्ष्मजीवाचे बीजाणू पाण्यात पोहत पुढे सरकतात. भारी काळी जमीन, त्यात साचलेला ओलावा आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात जाणारे पाटाचे पाणी, एवढे त्याला पुरते. अशा वाफ्यातून उपटलेल्या कलमासोबत शेतकरी पैसे मोजून रोगही घरी नेतो.

म्हणून आराखड्याची सुरुवात पाण्यापासून करावी लागते. जागा जुन्या संत्रा बागेपासून दूर आणि तिच्या उताराच्या वरच्या अंगाला हवी, म्हणजे बागेतले पावसाचे पाणी आत येणार नाही. नाल्याच्या किंवा कालव्याच्या उघड्या पाण्यापेक्षा विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी सुरक्षित. पाटाऐवजी ठिबक किंवा तुषार वापरले, की पाणी वाचते आणि रोगाचा रस्ताही तुटतो. पिशव्या थेट मातीवर न मांडता खडीच्या थरावर ठेवाव्यात.

नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था १९८५ मध्ये सुरू झाली. शेडनेटखाली आधी ट्रेमध्ये आणि मग पिशवीत रोप वाढवण्याची पद्धत तिने विदर्भात रुजवली. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण आधी उन्हात तापवायचे: एप्रिल-मेमध्ये ते ओलावून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे झाकून ठेवतात. विदर्भाचा जो उन्हाळा बागांना जाळतो, तोच इथे फुकटचे इंधन ठरतो. रसायनाविना माती बऱ्याच अंशी निर्जंतुक होते.

जंभेरीचे बी सुकले की त्याची उगवणशक्ती लवकर घटते, म्हणून फळातून काढल्यावर ते फार दिवस ठेवत नाहीत. एका बीतून अनेकदा एकाहून जास्त रोपे निघतात आणि त्यांतली बहुतेक मातृवृक्षासारखीच असतात. वेगळी किंवा खुरटी दिसणारी रोपे निर्दयपणे काढून टाकावी लागतात. ही छाटणी टाळून संख्या वाढवणे हा या व्यवसायातला सर्वांत महागडा मोह आहे.

डोळा जमिनीपासून साधारण २५ सेंमी उंचीवर भरतात, म्हणजे बागेत ओली माती जोडापर्यंत पोहोचत नाही. कात्री आणि चाकू दर खेपेला निर्जंतुक करायचे. डोळे ज्या झाडांवरून घ्यायचे ती मातृवृक्षे कीटकरोधक जाळीत ठेवणे आवश्यक असते, कारण ट्रिस्टेझा विषाणू माव्याबरोबर आणि ग्रीनिंग रोग सायला किडीबरोबर पसरतो. बाधित झाड सुरुवातीला डोळ्यांना निरोगी दिसू शकते, त्यामुळे मातृवृक्षांची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे अटळ आहे.

महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा नियमन कायदा असून परवाना बंधनकारक आहे. सहा बाय सहा मीटर अंतराने एकरी सुमारे ११० झाडे बसतात. एवढी कलमे घेताना खरेदीदाराने परवान्याखेरीज तीन गोष्टी पाहाव्यात: मातृवृक्षाची नोंद, जोडाची उंची आणि एखादी पिशवी फाडून पांढरी, जिवंत तंतुमुळे.