टेलिफोनांतील तिसरा माणूस

टेलिफोनचा इतिहास म्हणजे एका यंत्राच्या सुधारणेची हकीकत, अशी सामान्य समजूत असते. आम्हांस मात्र ती बोलणाऱ्या दोघांमध्यें उभ्या राहणाऱ्या तिसऱ्या माणसाची हकीकत वाटते.

1876 सालीं बेल यांस टेलिफोनचें पेटंट मिळालें, तेव्हां दोन यंत्रें एकाच तारेनें जोडीत. परंतु शंभर घरांना परस्परांशीं बोलावयाचें झाल्यास या रीतीनें 4950 तारा लागतील! म्हणून सर्व तारा एके ठिकाणीं आणून हव्या त्या दोन तेथें जोडण्याची युक्ति निघाली. असें पहिलें व्यापारी एक्स्चेंज 1878 च्या जानेवारींत अमेरिकेंतील न्यू हेवन येथें 21 वर्गणीदारांसाठीं उघडलें. मुंबईंत तें 1882 सालीं आलें. तारा वांचल्या, पण जोडणारा माणूस आला. प्रथम या कामावर पोरें असत. त्यांच्या उर्मटपणास ग्राहक कंटाळले, तेव्हां 1878 सालींच बोस्टन येथें एमा नट या बाईंची नेमणूक झाली आणि पुढें हा स्त्रियांचा मोठा व्यवसाय बनला.

या तिसऱ्या माणसावर अविश्वास धरणारा गृहस्थ आल्मन स्ट्रोजर. कॅन्सस सिटींत त्याचा प्रेतसंस्काराचा धंदा होता. ऑपरेटर आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्यास संशय होता, असें सांगतात. संशय खरा असो वा खोटा, त्यानें शोधलेलें स्वयंचलित एक्स्चेंज 1892 सालीं ला पोर्ट येथें सुरू झालें. त्यांत आंकड्यागणिक विजेचे ठोके जात व त्यांनीं एक दांडी पायरीपायरीनें सरकून हव्या त्या तारेस टेके. तबकडी मागाहून आली.

आमच्या देशांत परगांवचा ट्रंक कॉल मागून वाट पाहत बसण्याचा प्रघात पुष्कळ काळ राहिला. ऑपरेटरवांचून परगांवीं थेट बोलण्याची सोय प्रथम 1960 सालीं कानपूर व लखनौ यांमध्यें झाली. 1995 सालीं मोबाइल आला आणि ग्राहकापर्यंतची तारही गेली.

मग तिसरा माणूस संपला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. खिशांतील फोन कोणत्या टॉवरच्या टापूंत आहे याचा माग जाळ्यास ठेवावाच लागतो, एरव्हीं तो वाजणार नाहीं. आणि कोणीं कोणास केव्हां व किती वेळ फोन केला याची नोंद आपोआप होते. जुनी ऑपरेटर कधीं ऐकत असेल, पण ती विसरतही असे. तिच्या जागीं आलेलें यंत्र सहजीं विसरत नाहीं. आपल्या बोलण्याच्या वाटेवर बसलेल्यावर विश्वास किती ठेवावा, हा स्ट्रोजरचा प्रश्न तसाच शिल्लक आहे. फरक इतकाच, कीं संशय कोणावर धरावा हें त्यास ठाऊक होतें.