पावसाळी डोंगरासाठी तंबू निवडताना

सह्याद्रीच्या उघड्या माथ्यांवर, मग तो १,६४६ मीटर उंचीचा कळसूबाई असो वा हरिश्चंद्रगड, पावसाळ्यात पाऊस वरून येतो त्याहून अधिक बाजूने येतो. केवळ छतापुरते आवरण असलेला तंबू तिथे कुचकामी ठरतो. बाह्य आवरण जमिनीलगत पोहोचणारे आणि आतील तंबूपासून सर्व बाजूंनी सुटे असावे. दोन्ही कापडे चिकटली की ओल आत येते.

कापडाची जलरोधकता मिलिमीटरमध्ये सांगतात. पाण्याचा किती उंचीचा स्तंभ पेलल्यावर कापड पाझरू लागते, याचे हे माप. आवरणासाठी १,५०० ही सर्वसाधारण किमान पातळी मानली जाते. तळाच्या कापडावर कोपर-गुडघ्यांचा दाब पडतो. तिथे ३,००० तरी असावे. मात्र शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर हे आकडे व्यर्थ. पाणी सुईच्या छिद्रांतून येतेच.

वाऱ्याशी झुंज सांगाड्याची. अनेक ठिकाणी एकमेकींना छेदणाऱ्या काठ्यांचा बुटका घुमट कोणत्याही दिशेचा वारा सोसतो. बोगद्याच्या आकाराच्या तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवावी लागते. फायबरग्लासची काठी ताणाखाली चिरफळते. अॅल्युमिनियमची बहुधा नुसती वाकते, आणि वाकलेल्या काठीवर रात्र निभावते. ताणदोऱ्या बांधण्याच्या जागा दुकानातच मोजून घ्याव्यात.

सकाळी आतून ओला दिसणारा प्रत्येक तंबू गळका नसतो. श्वासातील बाष्प थंड कापडावर साचते. त्यासाठी पावसातही उघडे ठेवता येतील असे झरोके हवेत.