पुन्हा पुन्हा सुरू होणारा संगणक

लॅपटॉपचे बटण दाबावे, पडद्यावर चिन्ह उमटावे आणि तेवढ्यात सारे विझून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हावी. आमच्या प्रयोगशाळेत हे अनेकदा घडले आहे. तुमच्या शाळेतही घडले असेल. अशा वेळी आम्हांला एका फार दूरच्या संगणकाची आठवण होते.

'नासा'ची 'स्पिरिट' ही गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. २१ जानेवारीला तिच्याकडून येणारी माहिती एकाएकी थांबली. पुढच्या दोन दिवसांत आलेल्या तुटक संकेतांवरून उलगडा झाला, की गाडीवरचा संगणक सुरू होतो, कोलमडतो आणि पुन्हा सुरू होतो. असे साठाहून अधिक वेळा झाले होते. रात्री तो बंदही राहत नव्हता, त्यामुळे बॅटऱ्या उतरत चालल्या होत्या. त्या संपल्या असत्या तर मोहीमच संपली असती. दुरुस्तीला कोणी जाणे शक्य नव्हते. नुसता संदेश पोचायलाच दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागे.

मग बिघाड होता कुठे? संगणकाची एक स्मृती वर्गातल्या फळ्यासारखी असते. वीज गेली की पुसली जाते. दुसरी कपाटासारखी, तिच्यातले कायम राहते. स्पिरिटचे कपाट म्हणजे २५६ मेगाबाइटची फ्लॅश स्मृती. सुरू होताना संगणक कपाटातल्या फायलींची यादी फळ्यावर मांडत असे. सात महिन्यांच्या प्रवासात आणि मंगळावर फायली इतक्या साठल्या, की यादीला नेमून दिलेली जागा पुरेना. संगणक कोलमडला आणि नियमाप्रमाणे पुन्हा सुरू झाला. फळा कोरा झाला, पण कपाट तसेच! पुन्हा तीच यादी, पुन्हा तीच अडचण.

जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी आज्ञा पाठवली: कपाट न उघडताच सुरू हो. संगणक स्थिर झाला. मग नको असलेल्या फायली काढल्या गेल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला फ्लॅश पूर्ण पुसून नव्याने मांडली गेली. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेल्या या गाडीचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला.

लॅपटॉपमधल्या 'सेफ मोड'मागे हेच तत्त्व आहे. अत्यावश्यक तेवढेच घेऊन यंत्र सुरू करायचे. ते टिकले तर दोष बहुधा वगळलेल्या गोष्टींत; मग त्या एकेक करून जोडत जायच्या. तेव्हाही कोलमडले तर स्मृतीची चिप, तापणारा पंखा, वीजपुरवठा तपासायचा.

एकाच पायरीवर दरवेळी अडणाऱ्या मुलाला आपण 'पुन्हा कर' म्हणतो. त्याआधी ती पायरी कोणती, हे पाहिलेले बरे.