'तू', 'तुम्ही' आणि पाहुणा : परभणीच्या बोलण्याचालण्याचा इतिहास

स्पॅनिश बोलणाऱ्या शहरात प्रथमच जाणाऱ्या प्रवाशासाठी लिहिलेली कोणतीही मार्गदर्शिका उघडली, तर अभिवादनाच्या शब्दांपाठोपाठ एक धडा हमखास येतो : समोरच्याला 'तू' म्हणावे की 'उस्तेद'? मराठी वाचकाला यातला पहिला शब्द शिकावाच लागत नाही. लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये आलेला 'तू' आणि संस्कृत 'त्वम्'पासून आपल्याकडे आलेला 'तू' हे एकाच भाषाकुलातले सख्खे भाऊबंद आहेत. 'उस्तेद'चा इतिहास मात्र वेगळा आहे. तो उर्दूतल्या 'उस्ताद'सारखा ऐकू येतो, पण अभ्यासकांनी सामान्यतः मान्य केलेली त्याची व्युत्पत्ती 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या आदरार्थी संबोधनाची आहे. दरबारी वाक्प्रयोग झिजत झिजत बाजारात आला आणि साधे सर्वनाम होऊन बसला. आपल्या जुन्या पत्रव्यवहारातील 'मेहेरबान' आणि 'कृपावंत' हे मायने याच जातीचे. फरक इतकाच की ते कागदावरच राहिले, त्यांचे सर्वनाम झाले नाही.

या धड्यातली खरी अडचण पुढेच आहे. माद्रिदमध्ये आज 'तू' सर्रास चालतो. बोगोटात मात्र घरच्या माणसांत आणि मित्रांतही 'उस्तेद' ऐकू येतो. म्हणजे व्याकरण एक असूनही शिष्टाचार शहरागणिक वेगळा, आणि ते वेगळेपण त्या त्या शहराच्या इतिहासाने घडवलेले. मग प्रश्न असा पडतो की, परभणीत येणाऱ्या पाहुण्यासाठी अशी मार्गदर्शिका लिहायची झाल्यास तिच्यात काय लिहावे लागेल? माझ्या मते तिच्यात शब्दार्थ कमी आणि इतिहास जास्त द्यावा लागेल.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या कारभारात १८८०च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली; १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. घरात मराठी, कचेरीत उर्दू अशी विभागणी येथल्या कित्येक पिढ्यांनी जगून पाहिली. जिल्ह्याचा कलेक्टर म्हणजे 'अव्वल तालुकदार'. अवधचा इतिहास वाचून आलेल्या माणसाला 'तालुकदार' म्हणताच जमीनदार दिसेल. येथल्या जुन्या माणसाला सरकारी अधिकारी दिसतो. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान संपले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्यकारभाराची भाषा बदलली, परंतु बोलण्याची रीत अधिसूचनेने बदलत नसते.

या इतिहासातून परभणीत एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. येथे नांदणाऱ्या दोन्ही भाषांना त्यांच्या त्यांच्या राजधान्यांनी गावंढळ ठरवले. येथली मराठी पुण्याच्या कानाला अशुद्ध वाटली आणि येथली दखनी दिल्ली-लखनौच्या कानाला. वली औरंगाबादी १७०० मध्ये दिल्लीला गेला, त्याच्या रचनांनी तिथले कवी भारावले, हे साहित्येतिहासाचे प्रसिद्ध पान आहे. पण त्यानंतर उत्तरेत उर्दूचे जे परिष्करण झाले, त्यात दखनीचे देशी शब्द मागे पडले आणि दखनच्या बोलण्याकडे थट्टेने पाहण्याची सवय रुजली. मराठवाडी मराठीच्या वाट्याला हीच थट्टा आली. 'जेवायलो' म्हणजे 'जेवतो आहे' हे ठाऊक नसलेला पाहुणा 'जेवायला' हा शब्द ऐकून घोटाळतो आणि व्याकरण चुकले असे समजून हसतो. वस्तुतः चालू काळ दाखवणारे हे एक स्वतंत्र, नियमबद्ध रूप आहे. ते वापरणारा चुकत नसतो. ऐकणाऱ्याला नियम ठाऊक नसतो.

या दोन उपेक्षित भाषांनी एकमेकींकडून काय घेतले हे पाहण्यासारखे आहे. मराठीने दखनीला 'नको' दिला. तिने तो 'नक्को' करून घेतला. मराठीचा जोर देणारा 'च'ही तिने उचलला : 'ऐसाइच', 'मैंच'. उसनवारीत नामे सहज जातात. नकार आणि आग्रह सहसा जात नाहीत, कारण ते भाषेच्या आतल्या घरातले असतात. शेजाऱ्याचा नकार आपल्या तोंडी येण्यासाठी त्याच्याशी रोजचा व्यवहार असावा लागतो : भाजीचा भाव, शेताचा बांध, चहाचा कप. पाहुण्याने येथे लक्षात ठेवावे की चहाला एकदा म्हटलेले 'नको' हा नकार मानला जात नाही. तो संकोच मानला जातो. यजमान दुसऱ्यांदा विचारतो, तेव्हा खरे उत्तर अपेक्षित असते. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, ही तर साऱ्या महाराष्ट्राची रीत आहे.

आता सर्वांत अवघड शब्दाकडे, 'तू'कडे वळू. मराठी घरात आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणण्याची पद्धत जुनी आहे. नागर उर्दूच्या शिष्टाचारात आईही 'आप' असते. एकाच गल्लीतल्या दोन घरांत माया मोजण्याची मापे अशी वेगळी. एकीकडे जवळीक म्हणजे आदर गळून पडणे, दुसरीकडे जवळीक असूनही आदर टिकणे. एकाने दुसऱ्याला उद्धट किंवा कोरडा ठरवण्याचे मूळ अनेकदा येथेच असते.

मराठी भक्तीने मायेच्या या 'तू'ला देवापर्यंत नेले. गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव मानले जाते. नामदेवाच्या घरची दासी म्हणवणारी ही बाई विठ्ठलाला 'तू' म्हणते, त्याच्यावर रागावते, त्याला घरकामाला लावते. जिला समाजात कुणीही 'अगं' म्हणून हाक मारावी, तिने जगन्नियंत्याला 'अरे' म्हणावे, यातला उलटफेर विद्यार्थ्यांना शिकवताना केवळ 'वात्सल्य' आणि 'सख्यभक्ती' या शब्दांत गुंडाळला जातो. संबोधनाच्या इतिहासातून पाहिले, तर ती अधिकाराची मांडणीच पालथी करते असे दिसते.

कारण 'तू'ची दुसरी बाजू गावगाड्याला चांगली ठाऊक होती. हाच 'तू' आईला आणि देवाला प्रेमाने जातो, आणि खालच्या मानलेल्या जातीच्या वृद्धाला तिरस्काराने. नावापुढे 'राव' कोणाला लागतो आणि कोणाचे नाव तोडून हाक मारली जाते, हे जातीवरून ठरत असे. स्पॅनिश वसाहतींतही आदरार्थी संबोधन मालकाला आणि एकेरी संबोधन मूळ रहिवाशांना, नोकरांना, अशी विभागणी होती. 'पाव्हणं, कोण्या गावचे?' हा येथला पहिला प्रश्न अतिशय आपुलकीचा आहे. परंतु त्यामागून 'आडनाव काय?' हा प्रश्न आला की आपुलकीचे रूपांतर तपासणीत होऊ शकते. आतिथ्य आणि चौकशी एकाच वाक्यात नांदतात, हे पाहुण्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणूनच येथे अभिवादनाचा शब्दही निष्पाप नसतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सुमारे साडेपंधरा वर्षे गेली. त्या वर्षांतून गेलेल्या माणसाच्या तोंडचा 'जय भीम' हा केवळ 'नमस्कार'चा पर्याय नाही. अरे-तुरे नाकारून बरोबरीने उभे राहण्याची ती घोषणा आहे. त्याला मान हलवून गप्प राहणे हेही एक उत्तरच ठरते. 'राम राम'ला 'राम राम', 'सलाम'ला 'सलाम', 'जय भीम'ला 'जय भीम' : ज्या शब्दाने हाक आली त्याच शब्दाने ओ द्यावी, हा परभणीतला पहिला शिष्टाचार मानायला हरकत नसावी.

हा सारा इतिहास परभणीच्या लेखकांच्या गद्यात मुरलेला आहे. सातोना येथे १९१३ मध्ये जन्मलेले बी. रघुनाथ संस्थानाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत लिहीत राहिले आणि १९५३ मध्ये अकाली गेले. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतले निजामी राजवटीतील वातावरण समजून घेण्यासाठी कचेरीची भाषा आणि घरची भाषा यांतली दरी कानाने ओळखावी लागते. १९९५ मध्ये परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष नारायण सुर्वे होते. गिरणगावच्या कामगारांची बोली कवितेत आणणाऱ्या कवीच्या अध्यक्षतेखाली साऱ्या मराठी मुलखाचे पाहुणे या शहरात आले, हा योग अर्थपूर्ण होता. पुढे २०१६ मध्ये आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या भागाच्या भाषेला हसले गेले, त्या भागातले जगणे मराठी कथेच्या मध्यभागी आले.

तेव्हा पाहुण्यासाठी सूचना थोड्याच उरतात. सुरुवात 'तुम्ही'ने करावी, वय आणि पेशा काहीही असो. 'तू'वर यायचे की नाही हे समोरच्याला ठरवू द्यावे. आडनाव विचारण्याची घाई करू नये. आणि कोणाचेही बोलणे दुरुस्त करू नये. यातली शेवटची सूचना भाषा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना पाळायला सर्वांत जड जाते. वर्गात 'जेवायलो' म्हणणाऱ्या मुलाला प्रमाण रूप जरूर शिकवावे. परंतु ते दुसरे रूप म्हणून शिकवावे, पहिल्याची दुरुस्ती म्हणून नव्हे. त्याच्या घरात पाहुणे आपण असतो.