दोन तऱ्हांचे केस

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा 'शिकागोतील सहा महिने' असे काहीसे त्यांच्या मनात होते. पण तिथले सरोवर, उंच इमारती आणि बर्फ यांविषयी भगिनींनी इतरांकडून पुष्कळ ऐकले आहे. मी लिहिणार आहे ते केसांविषयी, आणि त्याला कारण माझ्या हातून घडलेली एक चूक.

२०२३ साली मी लेकीकडे असताना शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. वंशाने आफ्रिकी, वयाने माझ्याच बरोबरीच्या. जिन्यात ओळख झाली, मग दुपारचा चहा एकत्र होऊ लागला. त्यांचे केस पाहून मला नवल वाटे. मुळाशी चार बोटे दाट, कुरळे. आणि त्याखाली काडीसारखे सरळ, निर्जीव. तेल नाही म्हणून असे झाले, हे आपले नेहमीचे निदान मी मनाशी केले आणि एके दिवशी खोबरेल तेल व माझी बारीक दातांची फणी घेऊन गेले. बाईंनीही कौतुकाने डोके पुढे केले. मी वरून खाली फणी ओढली मात्र, सरळ केसांचा एक झुपकाच तुटून फणीत आला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या रागावल्या नाहीत. "बसा, सांगते," म्हणाल्या. त्यांनी सांगितले ते, आणि मग तिथल्या वाचनालयात मी वाचले ते, येथे देते.

चांगले केस म्हणजे गोऱ्यांसारखे सरळ केस, ही समजूत गुलामगिरीने रुजवली. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने गेली, समजूत राहिली. त्या समजुतीवर मोठाले धंदे उभे राहिले, पण सगळेच काही वाईट नव्हते. मॅडम सी. जे. वॉकर यांचेच पाहा. मूळ नाव सारा ब्रीडलव्ह, जन्म १८६७ चा, लुइझियानातला. आईबाप गुलामीतून नुकतेच सुटलेले. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या या बाईचे केस गळू लागले. आधी तिने अ‍ॅनी टर्नबो या दुसऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिकेची औषधे विकली, मग स्वतःचे गंधक घातलेले मलम काढले. १९१० साली तिने इंडियानापोलिसला बस्तान हलवले, तिथे कारखाना काढला आणि हजारो बायकांना विक्रीचे काम दिले. तापवून केस सरळ करायची फणी तिनेच शोधली असे सर्रास सांगतात, ते खरे नाही. आपण केस सरळ करणारी नव्हे, वाढवणारी, असे ती आग्रहाने सांगे.

ही तापलेली फणी आमच्या बाईंनी लहानपणी सोसली होती. शनिवारी संध्याकाळी आई चुलीवर फणी तापवी, मुलीने कान हाताने दुमडून धरायचा, आणि रविवारी चर्चला सरळ केसांनी जायचे. पावसाची एक सर आली की केस पुन्हा मूळपदावर!

पुढे रासायनिक लेप आले. १९५४ साली याच शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी कारखाना काढला. सुरुवात पुरुषांच्या केसांपासून झाली, मग बायकांचेही लेप निघाले. त्यांतला मुख्य पदार्थ कॉस्टिक सोडा, साबण करताना वापरतात तोच! केसाला बळ देणारे आतले गंधकाचे दुवे तो तोडतो, म्हणून केस कायमचा सरळ होतो आणि कायमचा दुबळाही. टाळू भाजते ते वेगळेच. मग हे का करायचे? "नोकरी हवी होती," बाई एवढेच म्हणाल्या. लहानपणी आमच्या घरात लाल आलवणातल्या आत्या मी पाहिल्या आहेत; बाईच्या केसांवर दुसऱ्यांची सत्ता चालते, हे मला कुणी समजावून सांगायला नको होते.

१९६० नंतरच्या दशकात तिकडच्या तरुणींनी अभिमानाने केस मोकळे, कुरळे ठेवले. पण कचेऱ्या बदलल्या नाहीत. रेनी रॉजर्स या विमान कंपनीतील कर्मचारी बाईंनी डोक्यालगतच्या बारीक वेण्यांसाठी दावा लावला. १९८१ साली न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. अशा केसांवरून भेदभाव करू नये असा राज्याचा पहिला कायदा कॅलिफोर्नियात २०१९ साली झाला. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये तो १ जानेवारी २०२३ ला अमलात आला. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, तेहेतीस हजारांवर स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष छापून आला होता. केस सरळ करणारी द्रव्ये वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. नेमके कारण तेच, असे त्याने सिद्ध होत नाही. पण बाईंनी लेप बंद केला.

बंद केला म्हणजे संपले नाही. केस महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतो. नवा कुरळा आणि जुना सरळ जिथे जुळतात तो सांधा सर्वांत कच्चा, आणि मी नेमकी तिथेच फणी ओढली होती. काही जणी सरळ भाग एकदम कापून मोकळ्या होतात. बाईंचा धीर होईना, म्हणून त्या दर महिन्याला थोडी टोके कापत. फणी मोठ्या दातांची, केस ओलसर आणि कंडिशनर लावून बुळबुळीत केलेले असतानाच, तीही टोकांकडून वर वर. पीळ घालायचे ते सैल. घट्ट ओढले तर कपाळावरचे केस जातात. रात्री डोक्याला सॅटिनचा रुमाल, कारण सुती अभ्रा ओल शोषतो. उष्ण यंत्रे बंद. माझे खोबरेलही त्यांनी ठेवून घेतले, पण ओल्या केसांवर आणि थेंबभरच!

मी निघण्याच्या आठवड्यात त्यांनी उरलेली सरळ टोके कापून टाकली. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझे असे केस मी दहा वर्षांची असताना शेवटचे पाहिले होते." त्यांनी दिलेली मोठ्या दातांची फणी मी घेऊन आले. कुरळ्या केसांवरून मी जिला नेहमी बोलत असे, ती माझी नात आता ती फणी वापरते.