दंडावरचा बॅकअप

मागच्या शुक्रवारी रात्री आमचा एक सर्व्हर बसला. बॅकअप होता हो, पण तो चालतो का हे कधी कुणी तपासलंच नव्हतं! पहाटे चारला घरी आलो. झोप उडालेली, म्हणून वाचत बसलो. तेव्हा २०० वर्षांपूर्वीची एक सप्लाय चेन सापडली, जिच्यात सर्व्हरच्या जागी लहान मुलं होती.

तुमच्या आजीच्या दंडावरचा देवीच्या लसीचा व्रण आठवतोय? त्याचीच ही गोष्ट.

गायींना होणाऱ्या देवींची लस माणसाला टोचली की जीवघेण्या देवीपासून संरक्षण मिळतं, हे जेन्नरने १७९८ साली छापून जाहीर केलं. शोध लागला, पण माल पोचवायचा कसा? लस म्हणजे फोडातला पातळ द्रव. उष्णतेत तो निकामी व्हायचा. फ्रीज नव्हता, आणि जहाज आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिन्यांनी भारतात पोचायचं.

शेवटी व्हिएन्नाचा डॉक्टर जाँ द कारो याने लसीत भिजवलेले धागे काचांमध्ये ठेवून, वरून मेणाने बंद करून पाठवले. कॉन्स्टँटिनोपलवरून बगदाद, मग बसरा, आणि तिथून जहाजाने मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली आणि ती 'लागली'. भारतातली ही पहिलीच. पुढच्या आठवड्यात तिच्या फोडातली लस आणखी पाच मुलांना टोचली. तिथून ती दंडातून दंडात, मद्रास-कलकत्त्यापर्यंत गेली.

आता विचार करा. त्या आठवड्यात अ‍ॅनाने खाजवून फोड फोडला असता तर? आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात.

स्पेनच्या बाल्मिसने या धोक्यावर उपाय केला. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी तो ला कोरुन्याहून २२ अनाथ मुलं घेऊन अमेरिकेकडे निघाला. दर ९-१० दिवसांनी एकाच्या नाही, तर दोन मुलांच्या दंडावर लस. एकाचा फोड बिघडला तर दुसरा आहेच! तरीही व्हेनेझुएलाला पोचताना एकाच मुलाच्या दंडावर कामाचा फोड उरला होता. बॅकअप होता म्हणून वाचले, तेही थोडक्यात.

हुशार डिझाइन आहे, मान्य. पण ती मुलं परत स्पेनला गेली नाहीत, मेक्सिकोतच राहिली. त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. शिवाय दंडातून दंडात लसीबरोबर रोगही जायचे. १८६१ साली इटलीतल्या रिवाल्टा गावात अशा लसीतून मुलांना उपदंश झाला. मग हळूहळू मुलांची जागा वासरांनी घेतली. इंग्लंडने १८९८ साली दंडातून दंडात लस देणं बंद केलं.

१९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं. त्याचं श्रेय जेन्नरला मिळतं, आणि ते योग्यच आहे. पण साखळी तुटू नये याची किंमत कुणीतरी मोजतच असतं. आमच्याकडे ती एका रात्रीची झोप होती, तिथे बावीस पोरांचं घर.

असो. सोमवारी आधी तो बॅकअप चालवून बघतो. तुम्हीही बघा!