सोलापूर १९३०: अर्जापासून झेंड्यापर्यंत

१५ मे १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी त्या वर्षातला चौथा वटहुकूम काढला. तो सोलापूर या एका शहरासाठी होता. पण सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता १२ मे रोजी. म्हणजे बंदुका आधी आल्या आणि त्यांना कायद्याचा आधार तीन दिवसांनी मिळाला. ३० जूनपर्यंत, जवळजवळ सात आठवडे, हे शहर लष्कराच्या ताब्यात होते. सविनय कायदेभंगाची चळवळ त्या उन्हाळ्यात देशभर पेटली होती, तरी एका गिरणगावासाठी व्हाइसरॉयला स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला, ही साधी गोष्ट नव्हे.

या घटनेची साधने दोन बाजूंची आहेत. एका बाजूला वटहुकूम, मुंबई सरकारच्या गृहखात्याचा पत्रव्यवहार, हायकोर्टाचे निवाडे आणि ब्रिटिश पार्लमेंटमधली प्रश्नोत्तरे. दुसऱ्या बाजूला काँग्रेसची निवेदने, वर्तमानपत्रे आणि सोलापूरकरांच्या आठवणी. सरकारी कागदाला आपला गोळीबार समर्थनीय ठरवायचा आहे, तर आठवणींना आपल्या माणसांचे शौर्य जपायचे आहे. म्हणून जिथे दोन्ही बाजू एकच सांगतात ते मी धरून चालतो, आणि जिथे त्या फुटतात तिथे तसे सांगतो.

सुरुवात मात्र १९३० च्या बरीच आधी करावी लागते. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. आष्टीच्या तलावासारखी कामे दुष्काळी मजुरांच्या हातांनी उभी राहिली. दुष्काळासाठी सरकारने पाठवलेले प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणून ती दिवसाला एक पौंड धान्यावर बसवली, तेव्हा दख्खनमधल्या कामांवरून मजुरांनी माघार घेतली. पुण्याची सार्वजनिक सभा जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रामागून पत्र पाठवत होती. त्यात सोलापूरचीही हकिकत होती. त्या पत्रांतला आवाज राजनिष्ठ आहे. सरकारला खरी परिस्थिती कळली तर सरकार न्याय करील, असा विश्वास त्यात आहे. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. अर्ज केला की कधीकधी काहीतरी पदरात पडते, हा अनुभव त्या पिढीला आला होता.

त्याच सुमारास सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिलाच पुढे जुनी मिल म्हणू लागले. रेल्वे आधीच आली होती. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या झाल्या आणि निजामाच्या मुलखातून पद्मशाली विणकर आले. कानडी, तेलुगू, मराठी आणि उर्दू अशा चार भाषा एका पेठेत ऐकू येऊ लागल्या. गिरणीमालकाची तक्रार वेगळी होती. १८९६ साली सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, कारण मँचेस्टरच्या मालाला इथे झळ पोचू नये. हा कर १९२५ च्या अखेरीपर्यंत चालला. तो जातो न जातो तोच १९२७ साली रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा ठरवला गेला. त्याने परदेशी कापड स्वस्त झाले आणि इथला माल मागे पडला. मजुराची तक्रार मजुरीची, भाड्याच्या खोलीची आणि जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, जाचाची होती. याखेरीज शहरात गुन्हेगार जमाती कायद्याखालची सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणाआड ठेवलेली माणसे हजेरी लावून गिरणीत कामाला जात. त्यांचा गुन्हा काय, तर जन्म.

या सगळ्या तक्रारींचे पत्ते वेगवेगळे होते. मालकाची तक्रार दिल्लीच्या असेंब्लीकडे जाई, मजुराची मालकाकडे, सेटलमेंटवाल्याची कुणाकडेच नाही. त्या एका जागी आल्या कशा, हा खरा प्रश्न आहे. एक उत्तर जानेवारी १९३० मध्ये सापडते. लाहोरच्या काँग्रेसने डिसेंबरच्या अखेरीस पूर्ण स्वराज्याचा ठराव केला होता, २६ जानेवारीला देशभर प्रतिज्ञा वाचली गेली, आणि जानेवारीच्याच शेवटी गांधीजींनी ‘यंग इंडिया’त अकरा मागण्या छापल्या. संपूर्ण दारूबंदी, रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स, शेतसारा निम्मा, मिठाचा कर रद्द, लष्करी खर्च निम्मा, परदेशी कापडावर जकात. त्या वेळी काही राजकीय मंडळींना वाटले की पूर्ण स्वराज्याची भाषा करून गांधीजी पुन्हा किरकोळ मागण्यांवर आले. सोलापूरच्या नजरेने पाहिले तर उलटे दिसते. या यादीत गिरणीमालक, विणकर, शेतकरी आणि गुत्त्यात नवऱ्याची मजुरी जाताना पाहणारी बाई, सगळ्यांना आपापली ओळ सापडत होती. आणि प्रत्येक ओळीचा निकाल शेवटी एकाच सरकारच्या हातात होता.

अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचा प्रवासही असाच झाला होता. १७७५ साली त्यांनी राजाकडे विनंतीअर्ज पाठवला, तिसऱ्या जॉर्जने तो स्वीकारलाच नाही, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तक्रारींची यादी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात घातली. अर्ज घ्यायलाच कुणी उरत नाही तेव्हा त्याच तक्रारींचा जाहीरनामा होतो.

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते राष्ट्रीय झेंडा लागला. नगरपालिका ही सरकारनेच दिलेली संस्था. पाणी, दिवाबत्ती आणि गटारे यांचा विचार करण्यासाठी तिची स्थापना झाली होती. तिच्या छपरावर सरकारचा नसलेला झेंडा चढला याचा अर्थ जिल्हाधिकाऱ्यांना नक्कीच कळला असणार.

४ मेच्या मध्यरात्री गांधीजींना कराडीच्या छावणीतून उचलले गेले. खटला नाही, आरोप नाही. मुंबई इलाख्याचे १८२७ सालचे पंचविसावे रेग्युलेशन, म्हणजे कंपनी सरकारच्या काळातला नियम, त्यासाठी बाहेर काढला गेला. बातमी सोलापूरला पोचली आणि हरताळ सुरू झाला. गिरण्या बंद पडल्या, हजारो मजूर रस्त्यावर आले.

८ मे हा दिवस मी जरा थांबून पाहणार आहे. तुळजापूरच्या रस्त्याला रूपाभवानीच्या देवळाचा परिसर आहे आणि तिथे शिंदीची झाडे होती. लोक ती तोडायला गेले. ताडी-शिंदीच्या झाडावर सरकार कर घेत असे. १८७८ च्या अबकारी कायद्याने झाड छेदण्यापासून ताडी विकण्यापर्यंत सगळे सरकारी परवान्याखाली आणले होते. म्हणजे दारूबंदीची मागणी आणि सरकारी तिजोरीवरचा घाव, दोन्ही एका कुऱ्हाडीत साधत होते. मीठ समुद्रकाठी करता येते. सोलापूरकराच्या हाताशी समुद्र नव्हता, शिंदीचे झाड होते. चळवळ गावोगावी रुजली ती अशा बदलांमुळे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत दांडीच्या मानाने या झाडांना फार थोडी जागा मिळाली आहे.

पोलिसांनी काही जणांना पकडले. जमाव वाढला. जिल्हाधिकारी हेन्री नाइट पोलिसांसह तिथे आले. स्थानिक आठवणी सांगतात की चळवळीतले कार्यकर्ते मल्लप्पा धनशेट्टी यांनी मध्ये पडून लोकांना शांत करण्याचा प्रयत्न केला. त्याच गडबडीत झेंडा घेऊन पुढे सरसावलेला शंकर शिवदारे हा तरुण गोळीला बळी पडला. सोलापूरच्या या लढ्यातला तो पहिला हुतात्मा. त्यानंतर दिवसभर जे झाले त्यात रक्त दोन्ही बाजूंचे आहे. पोलिसांनी शहरात गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत मोठे अंतर आहे, त्यामुळे इथे कोणताच आकडा मी प्रमाण मानत नाही. जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटवली, तिथे पोलीस मारले गेले, आणि कोर्टाची इमारत जाळली गेली. मारले गेलेले शिपाई याच देशातले होते, पगारासाठी चौकीत बसले होते. त्यांचा मृत्यू वगळून सांगितलेला ८ मे अपुरा आहे. जमावाची ही हिंसा गांधीजींच्या मार्गाशी विसंगत होती, हेही मान्य करायला हवे.

९, १० आणि ११ मे या तीन दिवसांबद्दल सोलापूरकरांना सार्थ अभिमान आहे. पोलीस आणि अधिकारी शहरातून मागे सरकले. शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने बंदोबस्त सांभाळला. पुढे डाव्या लेखकांनी याला ‘सोलापूर कम्यून’ म्हटले, तर शहरात ‘तीन दिवसांचे स्वातंत्र्य’ असे म्हटले जाते. माझे मत असे: याला राज्यस्थापना म्हणणे जास्तीचे होईल आणि दंगल म्हणणे खोटे होईल. सरकार निघून गेल्यावर शहर कोसळले नाही, एवढे या तीन दिवसांनी सिद्ध केले. पण ‘आम्ही गेलो तर तुमचे काय होईल’ हा साम्राज्याचा मुख्य युक्तिवाद होता, आणि तो सोलापूरच्या पेठांनी तीन दिवस खोडून काढला. हे लक्षात घेतले की १२ तारखेचा मार्शल लॉ केवळ ८ तारखेच्या जाळपोळीमुळे होता असे मानणे कठीण जाते. जाळपोळ थांबून चार दिवस झाले होते.

मार्शल लॉच्या काळात राष्ट्रीय झेंडा घेऊन फिरणे हा गुन्हा झाला आणि त्यासाठी तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. गांधी टोपी दिसली की सैनिक ती उतरवायला लावत, असे कितीतरी आठवणींत येते. झेंड्याच्या शिक्षांची नोंद कागदावर आहे, टोपीचा अपमान मुख्यतः माणसांच्या स्मरणात आहे. मला दोन्ही पुरावे मोलाचे वाटतात, कारण अपमान करणारा त्याची पावती देत नाही. जाजू, तुळशीदास जाधव, ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे अशा अनेकांना शिक्षा झाल्या. लष्करी न्यायाचा प्रश्न चनप्पा शांतीरप्पा यांच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टापुढे गेला. सोलापूरच्या एका सामान्य कैद्याच्या नावाने हा निवाडा आजही कायद्याच्या पुस्तकांत आढळतो. मार्शल लॉ म्हणजे नेमके काय आणि तो कधी योग्य ठरतो, यावर हिंदुस्थानात जे थोडे निवाडे झाले त्यांत त्याची गणना होते.

आणि इथे माझ्या मते तक्रारीचे स्वातंत्र्याच्या मागणीत रूपांतर पूर्ण होते. १८७७ सालच्या अर्जांनंतर उशिरा का होईना कायदा आला होता. १९३० साली झाडावरच्या कराच्या तक्रारीला उत्तर म्हणून व्हाइसरॉयचा वटहुकूम आला, आणि त्याच्या छायेत झेंडाच गुन्हा ठरला. कर कमी करा म्हणणाऱ्याला सरकारनेच सांगितले की तुझा झेंडा आणि आमचा झेंडा एकत्र राहू शकत नाहीत. लाहोरच्या ठरावाने जे शहाण्या माणसांना पटवायचे होते, ते सोलापूरच्या गिरणीमजुराला सरकारी हुकुमाने पटवले.

मंगळवार पेठेच्या चौकीवरील पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांना फाशीची शिक्षा झाली: मल्लप्पा रेवणसिद्धप्पा धनशेट्टी, श्रीकिसन लक्ष्मीनारायण सारडा, जगन्नाथ भगवान शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे साप्ताहिक चालवत आणि मजुरांत काम करत. जमावात कुणाचा हात नेमका कुठे होता, हे ठरवणे कोणत्याही न्यायालयाला अवघड. चौघेही आधीपासून चळवळीतले ओळखीचे कार्यकर्ते होते, ही गोष्ट त्यांच्याविरुद्ध गेली असे मानायला मला भरपूर जागा दिसते. नावांकडे पाहिले तर लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान घरांतली ही माणसे. या शहराच्या पेठा जशा होत्या, तसेच ते चौघे.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. लंडनमध्ये तेव्हा पहिली गोलमेज परिषद चालू होती आणि हिंदुस्थानला कोणते अधिकार द्यावेत यावर भाषणे होत होती. गांधीजी त्याच येरवड्यात कैदी होते. दोन आठवड्यांनी, २६ जानेवारीला, ते सुटले. ५ मार्चला आयर्विन यांच्याशी करार झाला आणि हिंसेचा आरोप नसलेल्या सत्याग्रहींच्या सुटकेचे ठरले. चौघांसाठी त्या कराराला उशीर झाला होता, आणि आरोप पाहता तो वेळेत झाला असता तरी त्यांना लागू झाला नसता.

सोलापुरात चार पुतळा चौक आहे आणि दर १२ जानेवारीला तिथे हार चढतात. एक काम मात्र अजून घराघरांतून व्हायचे आहे. मे-जून १९३० मधली दंडाची पावती, लष्करी नोटीस, गिरणीचा पास, ‘गझनफर’ किंवा ‘कर्मयोगी’चा अंक, आजोबांनी लिहिलेले पत्र, असे काही तुमच्या जुन्या ट्रंकेत असेल तर ते रद्दीत घालू नका. त्याचा फोटो काढून ठेवा, मूळ कागद शहरातल्या एखाद्या ग्रंथालयात किंवा पुराभिलेखागारात द्या. सरकारची बाजू सरकारने नीट जपून ठेवली आहे. सोलापूरकरांची बाजू सोलापूरकरांनीच जपायला हवी.